ई-बुक घेताय? पैसे भरण्याआधी कुलूप बघा

काका गेले, त्यानंतर चार-पाच महिन्यांनी मावशीनं मला टॅब घेऊन बसवलं. काका रोज रात्री त्या टॅबवर वाचायचे. आवडलेल्या ओळीवर पिवळी खूण करायची आणि शेजारी दोन शब्द लिहायचे, ही त्यांची सवय. ॲपचं अपडेट आलं आणि त्यानं पुन्हा लॉगिन मागितलं. ओटीपी काकांच्या नंबरवर जात होता. तो नंबर रिचार्ज न झाल्यामुळे कधीच बंद पडला होता. पडद्यावर साठेक पुस्तकांची मुखपृष्ठं रांगेनं दिसत होती, एकही उघडत नव्हतं. कंपनीला मेल केला, मृत्यूचा दाखला जोडला. उत्तर आलं की पुस्तकं वाचण्याची परवानगी खातेदारापुरती आहे, ती दुसऱ्याच्या नावावर करता येत नाही.

मावशीला पुस्तकं नकोच होती. तिला ती टिपणं हवी होती.

त्याच खोलीत काकांचं पुस्तकांचं कपाट आहे. त्यातलं एक पुस्तक मी त्या दिवशी घरी आणलं. आत खूण म्हणून एसटीचं तिकीट होतं. ते पुस्तक आणायला मला कोणाची परवानगी लागली नाही.

तेव्हापासून आमच्या वाचनालयात जे कोणी नवीन मोबाइल किंवा किंडल (ॲमेझॉनचं ई-बुक वाचायचं यंत्र) घेऊन ‘ई-बुक कसं घ्यायचं?’ विचारायला येतात, त्यांना मी पैसे कसे भरायचे हे शेवटी सांगते. आधी कुलूप दाखवते. तेच इथे क्रमानं लिहिते आहे.

आधी हे कुलूप म्हणजे काय ते समजून घ्या

याचं तांत्रिक नाव डीआरएम, म्हणजे डिजिटल राइट्स मॅनेजमेंट. मराठीत कोणी ‘डिजिटल हक्क व्यवस्थापन’ म्हणतात. मी कुलूपच म्हणते, कारण काम तेच आहे. पुस्तकाची फाइल सांकेतिक रूपात बदललेली असते. ती उलगडायची किल्ली कंपनीच्या सर्व्हरवरून येते आणि तुमच्या खात्याशी किंवा उपकरणाशी बांधलेली असते. तुम्ही पुस्तक उघडता तेव्हा ॲप ती किल्ली वापरतं. म्हणून ॲप चालू, खातं चालू, कंपनी चालू, तोवर पुस्तक चालू.

ॲमेझॉनचं कुलूप वेगळं, ॲपलचं वेगळं, आणि अडोबीचं कुलूप कोबोसह अनेक दुकानं वापरतात. एकाची किल्ली दुसऱ्याला लागत नाही. म्हणूनच किंडलवर घेतलेलं पुस्तक कोबोच्या रीडरवर उघडत नाही. मराठी ई-बुकं विकणाऱ्या दुकानांमध्येही ‘आमच्याच ॲपमध्ये वाचा’ ही पद्धत आहे. फाइल हातात मिळत नाही, म्हणजे परिणाम कुलपासारखाच.

नवीन वाचकांचा दोन गोष्टींत गोंधळ होतो, त्या वेगळ्या ठेवा. किंडल अनलिमिटेडसारखी वर्गणी ही उघड उघड भाड्यानं घेतलेली पुस्तकं आहेत. वर्गणी संपली की ती जाणार, आणि यात फसवणूक काही नाही. दुसरी गोष्ट म्हणजे फाइलवर तुमचं नाव किंवा मेल पत्ता छापून देणं. काही प्रकाशक असं करतात. ती फाइल कुठेही उघडते, फक्त कोणाची आहे ते त्यावर लिहिलेलं असतं. वाचनालयाच्या शिक्क्यासारखं. मला हा मार्ग रास्त वाटतो.

खरा त्रास ‘बाय नाऊ’ लिहिलेल्या बटणाचा आहे. बटण ‘विकत घ्या’ म्हणतं आणि अटींमध्ये लिहिलेलं असतं की पुस्तक विकलेलं नाही, वाचण्याचा परवाना दिला आहे. किंडलच्या अटींत हे स्पष्ट आहे, इतर मोठ्या दुकानांतही थोड्याफार फरकानं तेच. अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया राज्यानं यासाठी २०२४ मध्ये कायदा केला आणि तो १ जानेवारी २०२५ पासून लागू झाला. ग्राहकाला फक्त परवानाच मिळणार असेल, तर दुकानाला तसं ठळकपणे सांगावं लागतं, नुसतं ‘विकत घ्या’ म्हणून चालत नाही. कायदा तिथला आहे, पण बटण आपल्याकडेही तेच आहे.

हे नुसतं भय नाही, घडलेलं आहे

दोन प्रसंग मी नेहमी सांगते, कारण ते ऐकल्यावर लोक मोबाइल खाली ठेवून ऐकायला लागतात.

जुलै २००९ मध्ये ॲमेझॉननं अमेरिकेतल्या वाचकांच्या किंडलमधून जॉर्ज ऑर्वेलची दोन पुस्तकं, ‘१९८४’ आणि ‘ॲनिमल फार्म’, दुरूनच पुसून टाकली. ज्यानं ती दुकानात ठेवली होती त्याच्याकडे तिथले हक्क नव्हते. पैसे परत दिले गेले. पुढे कंपनीच्या प्रमुखांनी, जेफ बेझोस यांनी, जाहीर माफी मागितली. विक्रेत्याची चूक होती हे खरं. पण विकलेलं पुस्तक दुकानदार रात्रीतून तुमच्या घरातून उचलून नेऊ शकतो, हे त्या दिवशी लोकांना पहिल्यांदा दिसलं.

दुसरा प्रसंग २०१९ चा. मायक्रोसॉफ्टनं आपलं ई-बुकांचं दुकान बंद केलं. किल्ल्या देणारे सर्व्हर बंद होणार म्हणून त्या जुलैपासून विकलेली सगळी पुस्तकं उघडायची थांबली. पैसे सर्वांना परत मिळाले. ज्यांनी पुस्तकांत टिपणं केली होती त्यांना वर २५ डॉलर दिले. टिपणांची ही किंमत वाचली तेव्हा मला मावशी आठवली.

मायक्रोसॉफ्ट बुडाली नव्हती, हे लक्षात घ्या. कंपनी भक्कम होती, फक्त तो धंदा तिला नको होता.

पायरी १: पैसे भरण्याआधी पान खालपर्यंत वाचा

मुखपृष्ठ, किंमत, तारे हे सगळं वर असतं. आपल्याला हवी ती ओळ खाली असते.

गूगल प्ले बुक्सवर पुस्तकाच्या माहितीत ‘कंटेंट प्रोटेक्शन’ ही ओळ शोधा. तिथे ‘डीआरएम फ्री’ आहे की ‘डीआरएम प्रोटेक्टेड’ ते लिहिलेलं असतं. किंडलच्या दुकानात काही प्रकाशक वर्णनातच सांगतात की आमच्या विनंतीवरून हे पुस्तक डीआरएमशिवाय विकलं जात आहे. विज्ञानकथा छापणाऱ्या टॉर या इंग्रजी प्रकाशनानं २०१२ पासून आपली ई-बुकं अशीच विकायला सुरुवात केली. काही पुस्तकांच्या तपशिलात एकाच वेळी किती उपकरणांवर वाचता येईल याची ओळ असते. तिथे ‘अनलिमिटेड’ दिसलं तर ते कुलूप नसल्याचं लक्षण समजा.

कुठेच काही लिहिलेलं नसेल तर कुलूप आहे असंच धरून चला. आणि मग स्वतःला विचारा की या पुस्तकासाठी एवढी किंमत मी ‘वाचण्याची परवानगी’ म्हणून देईन का? एकदा वाचून सोडून द्यायची रहस्यकथा असेल तर माझं उत्तर बहुतेक वेळा ‘हो’ असतं. शब्दकोश, संदर्भग्रंथ, नातवंडांसाठी ठेवायचं पुस्तक असेल तर ‘नाही’. ते मी छापील घेते.

पायरी २: हातात फाइल आली असेल तर ती स्वतः तपासा

हे करायला संगणक लागतो, पण दहा मिनिटांचं काम आहे आणि एकदा केलं की कुलूप म्हणजे काय ते कायमचं कळतं. वाचनालयात मी हे करून दाखवते तेव्हा सत्तरीच्या आजीसुद्धा खुर्ची पुढे ओढतात.

ईपब नावाची फाइल ही खरं तर एक झिप असते, म्हणजे अनेक छोट्या फायलींचं गाठोडं. आधी फाइलची एक प्रत करा, मूळ फाइलला हात लावू नका. प्रतीच्या नावातला शेवटचा ‘ईपब’ हा भाग पुसून तिथे इंग्रजीत ‘झिप’ लिहा. (विंडोजमध्ये तो भाग दिसत नसेल तर फोल्डरच्या ‘व्ह्यू’मध्ये जाऊन फायलींची एक्स्टेन्शन दाखवायला सांगा.) आता ती उघडा. आत ‘मेटा-आयएनएफ’ नावाचा फोल्डर दिसेल. त्यात ‘राइट्स’ नावाची एक्सएमएल फाइल आणि ‘एन्क्रिप्शन’ नावाची एक्सएमएल फाइल अशा दोन्ही असतील तर बहुधा अडोबीचं कुलूप आहे.

फक्त ‘एन्क्रिप्शन’ दिसली तर लगेच घाबरू नका. मराठी पुस्तकात देवनागरी फॉन्ट आत भरलेला असतो आणि तो कोणी उचलू नये म्हणून कधी कधी तेवढाच झाकलेला असतो. अशा वेळी प्रकरणांच्या फायलींपैकी एक ब्राउझरमध्ये उघडा. मराठी मजकूर सरळ वाचता आला तर पुस्तक मोकळं आहे. चौकोन, प्रश्नचिन्हं आणि अगम्य अक्षरांचा चिवडा दिसला तर तेच कुलूप.

गूगल प्ले बुक्समधून ‘एक्सपोर्ट’ केल्यावर कुलूप असलेल्या पुस्तकाऐवजी ‘एसीएसएम’ नावाची अगदी चिमुकली फाइल मिळते. तिच्यात पुस्तक नसतं, पुस्तक मागवण्याची चिठ्ठी असते. ती अडोबी डिजिटल एडिशन्समध्ये उघडली की खरं पुस्तक उतरतं, कुलपासकट. पुष्कळ जण ही चिठ्ठीच पेनड्राइव्हवर जपून ठेवतात आणि पुस्तक जपल्याचं समाधान मानतात.

पायरी ३: मोकळी पुस्तकं आधी शोधा

मराठी वाचकाला वाटतं त्यापेक्षा बरंच काही मोकळं आणि कायदेशीर मिळतं. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची अनेक पुस्तकं त्यांच्या संकेतस्थळावरून पीडीएफ म्हणून उतरवता येतात. मराठी विश्वकोश खुला आहे. बालभारतीची पाठ्यपुस्तकं पीडीएफमध्ये मिळतात. ई-साहित्य प्रतिष्ठान मराठी लेखकांची पुस्तकं विनामूल्य देतं. मराठी विकिस्रोतावर जुनी पुस्तकं स्वयंसेवकांनी टंकून, तपासून ठेवली आहेत आणि तिथून ईपब उतरवता येतं.

भारतात लेखकाच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून ६० वर्षं कॉपीराइट राहतो. साने गुरुजी जून १९५० मध्ये गेले, म्हणून त्यांनी लिहिलेल्या आणि त्यांच्या हयातीत छापलेल्या पुस्तकांचा मूळ मजकूर १ जानेवारी २०११ पासून सर्वांचा झाला. त्यावर नव्यानं लिहिलेली प्रस्तावना किंवा चित्रं मात्र ज्याची त्याची राहतात. असा सर्वांचा झालेला मजकूरही कुलूप लावून विकलेला आढळतो. पैसे भरण्याआधी विकिस्रोतावर एक चक्कर मारा.

आणि इथे मला एक गोष्ट स्पष्ट बोलायची आहे. व्हॉट्सॲप आणि टेलिग्रामवर फिरणाऱ्या हयात लेखकांच्या पीडीएफ घेऊ नका, पुढे पाठवू नका. मराठी लेखकाचं मानधन आधीच तुटपुंजं असतं. कुलपाला विरोध म्हणजे चोरीला पाठिंबा नव्हे. उलट माझ्यापर्यंत आलेल्या अशा मराठी पीडीएफ जवळजवळ सगळ्या छापील पुस्तकं स्कॅन केलेल्या होत्या, पानाच्या कडेला अंगठाही दिसायचा. ई-बुकावरच्या कुलपानं त्या थांबल्या नाहीत. ज्यानं पैसे मोजले तोच अडकला.

पायरी ४: जे घेतलंय ते आज सांभाळा

‘पुढे बघू’ म्हणू नका. विकत घेतलेल्या किंडल पुस्तकाची फाइल संकेतस्थळावरून संगणकावर उतरवून यूएसबीनं हलवण्याची जुनी सोय ॲमेझॉननं २६ फेब्रुवारी २०२५ पासून बंद केली. जे ‘कधीतरी करू’ म्हणत होते त्यांची संधी गेली.

मोकळी फाइल मिळत असेल तर ती लगेच उतरवा आणि दोन ठिकाणी ठेवा, एक संगणकावर आणि एक पेनड्राइव्हवर किंवा गूगल ड्राइव्हवर. पुस्तकं नीट लावायला कॅलिबर हे मोफत सॉफ्टवेअर उत्तम आहे. भारतीय वंशाच्या कोविद गोयल यांनी ते २००६ मध्ये सुरू केलं. ते मूळ रूपात कुलूप काढत नाही, मोकळ्या पुस्तकांचं ग्रंथपाल म्हणून काम करतं.

कुलूपबंद पुस्तकांच्या बाबतीत निदान टिपणं बाहेर काढा. किंडलच्या ॲपमधून टिपणवही मेलनं पाठवता येते. किंडल उपकरण संगणकाला जोडलं की त्यात ‘माय क्लिपिंग्ज’ नावाची साधी मजकूर फाइल असते, ती दर दोन-तीन महिन्यांनी उतरवून घ्या. प्रकाशकानं मर्यादा घातली असेल तर ठरावीक भागापलीकडच्या खुणा बाहेर येत नाहीत. म्हणून ज्या ओळी खरोखर जपायच्या आहेत त्या मी वहीत हातानं उतरवते.

खात्याला घरातल्या माणसाचा दुसरा मोबाइल नंबर आणि मेल जोडून ठेवा. आमच्या काकांनी एवढं केलं असतं तर निदान टिपणं हाती आली असती. ॲपलनं आपल्या पश्चात खातं पाहू शकणारी व्यक्ती नेमण्याची सोय दिली आहे, ती जरूर वापरा. पण विकत घेतलेली पुस्तकं, गाणी, चित्रपट त्या व्यक्तीला मिळत नाहीत, हे आधीच माहीत असू द्या. फोटो मिळतात, पुस्तकं मिळत नाहीत.

पुस्तक अचानक नाहीसं झालं किंवा खातं बंद झालं तर दुकानाच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला लेखी कळवा. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार त्यांनी ४८ तासांत पोच द्यायची आणि महिन्याभरात तक्रार निकाली काढायची असते. तिथे दाद लागली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे. पावत्यांचे मेल पुसू नका.

पायरी ५: कुलूप तोडण्याबद्दल कायदा काय म्हणतो

हा प्रश्न प्रत्येक बैठकीत येतो. कॉपीराइट कायद्यात २०१२ च्या दुरुस्तीनं कलम ६५-अ आलं. कॉपीराइटचा भंग करण्याच्या हेतूनं असं संरक्षण तोडलं तर दोन वर्षांपर्यंत तुरुंगवास आणि दंड होऊ शकतो. त्याच कलमात अपवादही आहेत. कायद्यानं स्पष्ट मनाई न केलेल्या कामासाठी केलेली गोष्ट गुन्हा ठरत नाही. मात्र दुसऱ्याला त्यासाठी मदत करणाऱ्यानं त्या माणसाचं नाव, पत्ता आणि कारण यांची पूर्ण नोंद ठेवायची आहे. अमेरिकेचा १९९८ चा कायदा यापेक्षा कडक आहे. तिथे चांगल्या हेतूनं तोडलं तरी सहसा सुटका नाही, त्यामुळे तिकडे राहणाऱ्या मराठी मंडळींनी इकडचा सल्ला तिकडे लावू नये.

मी कुलूप काढायला शिकवत नाही. दुकानाच्या अटी वेगळ्या असतात, खातं बंद होऊ शकतं, आणि इंटरनेटवरची अशी अवजारं नवख्याच्या संगणकात काय काय घेऊन येतील सांगता येत नाही. त्यापेक्षा मोकळं पुस्तक विकणाऱ्याकडे पैसे गेलेले मला जास्त आवडतील.

दृष्टिहीन वाचकांसाठी वेगळं लिहायलाच हवं

कुलपाची सगळ्यात मोठी झळ त्यांना बसते. २००९ मध्ये किंडल २ मोठ्यानं वाचून दाखवू लागलं, तेव्हा अमेरिकेतल्या लेखकांच्या संघटनेनं हरकत घेतली आणि हा आवाज बंद ठेवण्याची मुभा प्रकाशकांना देण्यात आली. पुस्तक आहे, पैसे भरलेत, यंत्राला वाचताही येतं, तरी ऐकायचं नाही. आमच्याकडे येणारे एक दृष्टिहीन सदस्य एकदा म्हणाले, “ताई, छापील पुस्तक मला दिसत नाही हे मी समजू शकतो. हे तर मुद्दाम गप्प केलंय.”

आपल्या कायद्याची या बाबतीतली बाजू चांगली आहे. २०१२ च्याच दुरुस्तीनं दिव्यांग व्यक्तींसाठी पुस्तक त्यांना वापरता येईल अशा रूपात आणायला परवानगी दिली. दृष्टिहीनांना पुस्तकं मिळावीत यासाठीचा माराकेश करार २०१३ मध्ये झाला आणि २०१४ मध्ये त्याला मान्यता देणारा भारत हा जगातला पहिला देश ठरला. घरात कोणी दृष्टिहीन असेल तर २०१६ मध्ये सुरू झालेल्या सुगम्य पुस्तकालय या ऑनलाइन ग्रंथालयात नोंदणी करा. दुकानातून घ्यायचंच असेल तर आधी मोफत नमुना उतरवा आणि टॉकबॅक किंवा एनव्हीडीए (पडद्यावरचा मजकूर मोठ्यानं वाचणारे प्रोग्राम) लावून तो बोलतो का ते ऐका, मगच पैसे भरा.

पायरी ६: विचारा, आणि इतरांनाही विचारायला लावा

कुलूप लावायचं की नाही हे बहुतेक ठिकाणी प्रकाशक किंवा लेखक ठरवतो. किंडलवर स्वतःचं पुस्तक टाकणाऱ्या लेखकाला अपलोड करताना हा पर्याय विचारला जातो. अनेक जण न वाचता पुढे जातात. त्यामुळे ओळखीत कोणी पुस्तक काढत असेल तर त्याला आत्ताच फोन करा.

प्रकाशकाला पाठवायचा मेल आम्ही वाचनालयात छापूनच ठेवला आहे. तुम्हीही वापरा:

“नमस्कार. आपलं पुस्तक ई-बुक म्हणून घ्यायची इच्छा आहे. कृपया कळवाल का, की ईपब किंवा पीडीएफ फाइल मला उतरवून घेता येईल का? ती कोणत्याही ॲपमध्ये उघडेल का? मोबाइलच्या आवाजी वाचनाला ती साथ देते का? फाइलवर माझं नाव छापलेलं असलं तरी माझी हरकत नाही. अशी फाइल मिळणार असेल तर मी लगेच विकत घेईन.”

नाव छापण्याचं वाक्य गाळू नका. प्रकाशकाची खरी धास्ती फाइल फुकट फिरण्याची असते आणि त्या वाक्यानं बोलणं सुरू होतं.

बऱ्याच मेलना उत्तर येत नाही. एका छोट्या प्रकाशकांनी मात्र थेट फोन केला. म्हणाले, “ती कुलपाची खूण कोणी केली मलाच माहीत नाही हो, फाइल टाकायला मुलगा येतो आमच्याकडे.” त्यांचं पुढचं पुस्तक दिवाळीत येतंय आणि ते स्वतःच्या संकेतस्थळावरून ईपब म्हणूनही देणार आहेत. मी नाव नोंदवलं आहे. फाइल आली की आधी तिची प्रत करून आतला फोल्डर उघडून बघणार आहे.